सगळ्यांनी पाहिलेली बोटं

अन्याय झाला तो शालिकमामावर. रायपूरच्या गुढियारीत राहणारा, माल धक्क्यावर मालगाडीतून सिमेंटची पोती उतरवण्यात उमर घालवलेला, विहाराच्या भीमगीत मंडळात ढोलकी वाजवणारा माझा मामा. केव्हा झाला तेही सांगते. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी, हाडांच्या एका दवाखान्यात, त्याचं नाव पुकारलं गेलं तिथपासून तो दाराबाहेर आला तिथपर्यंत. त्याच्यासोबत आत जाताना मी बाहेर बाकावर ठेवलेला चहा तेवढ्यात गारही झाला नव्हता. डॉक्टरांनी गुडघा दाबला, एक्स-रे उजेडाला धरला, "उमर का दर्द है, दादा," म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. मामाचे दोन्ही हात तेव्हा टेबलावर पालथे ठेवलेले होते. डॉक्टरांच्या पेनापासून वीतभर अंतरावर.

मामा, तू असतास तर मला इथेच अडवलं असतंस. तुझं म्हणणं होतं की माझं पत्रक ठाण्यातल्या रिपोर्टासारखं सुरू होतं. कोण, कुठे, कधी, कोणी मारलं. "अवं नेताबाई, वाचनाऱ्याले आधी बस तं म्हन. पानी तं दे." मी चिडायची आणि तू खूश व्हायचास. पण मला दुसरं लिहिता येत नाही. मजुरांच्या तब्येतीवर काम करणाऱ्या आमच्या छोट्या संघटनेत मी हेच शिकले: पहिल्या ओळीत सांगा काय झालं, कारण दुसरी ओळ कोणी वाचेलच असं नाही.

आणि हे मराठीत लिहून राहिले, तेही बघ. आयुष्यभर तू मला मराठीत विचारलंस आणि मी हिंदीत उत्तर दिलं. जेवली का? हाँ मामा, खा लिया. कुठं चालली? तेलीबांधा जा रही हूँ, मीटिंग है. शेजाऱ्यांना वाटायचं हे दोघं एकमेकांना ऐकू तरी येतात का. पत्रकंही हिंदीत, कारण धक्क्यावर तेच वाचलं जातं. तू म्हणायचास, विहारातल्या म्हाताऱ्यांसाठी एखादं आपल्या भाषेत लिही, नागपूरकडून चष्मा आणला त्याईनं, वाचाले काही नाई. मी म्हणायची, लिख दूँगी मामा. घरात मराठी बोलणारं कोणी उरलं नाही तेव्हा लिहिलं. आता एखादा शब्द अडला तर विचारायला माणूस नाही. काल एक शब्द आठवेना, तर तोंडातून "मामा" निघून गेलं. मग पंख्याचा आवाज ऐकत बसले.

मी सातवीत असताना आई गेली. मामी त्याआधीच गेलेली. उरलेल्या दोन माणसांचं घर होतं आपलं, एकाला स्वयंपाक येत नाही आणि दुसरीला झोप येत नाही, असं. तू मला ढोलकी वाजवून झोपवायचास. लोक अंगाई म्हणतात, तू उशीवर ठेका धरायचास, दोन बोटांनी, अगदी हळू. पाऱ्यातल्या, म्हणजे आपल्या मोहल्ल्यातल्या, बायका हसायच्या की पोट्टीले झोपवून राहिला का मिरवणुकीले चालला.

त्या बोटांबद्दलच बोलायचं आहे.

कधी बदलली ती, मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही. हळूहळू टोकं गोल होत गेली, फुगीर. नखं चकचकीत आणि घड्याळाच्या काचेसारखी बाकदार. ढोलकीच्या कडेवर टिचकी मारायला तू अंगठ्यात लोखंडी छल्ला घालायचास, तो टोकावरून आत जाईना. तू तो कपाटावर टाकलास आणि म्हणालास, छल्ला आटला. आपण दोघं हसलो. विहारात तालमीला मंडळाचे मुख्य गायक प्रल्हादकाका तुझा हात धरून वर करायचे आणि नव्या लोकांना दाखवायचे. "पाहा हे. याले म्हनतात ढोलकीवाल्याचे बोटं. असे बोटं व्हायले उमर द्या लागते." तू नको नको म्हणायचास आणि हात मात्र मागे घ्यायचा नाहीस. बाया-माणसं वाकून बघायची. हातात घेऊन बघायची. साऱ्या पाऱ्याला ठाऊक होतं की शालिकभाऊची बोटं ढोलकीनं अशी झाली. मलाही ठाऊक होतं. शाळेत मी मैत्रिणींना हेच सांगायची.

मग पाय दुखायला लागले. गुडघा म्हणायचो आपण, पण तू हात ठेवायचास तो गुडघ्याखाली, नडगीवर. आतून, हाडातून दुखतं म्हणायचास. पाय खाली सोडून बसलास की ठणकायचे, वर केले की बरं वाटायचं. म्हणून तू खाट भिंतीला लावलीस आणि टाचा भिंतीवर ठेवून पडायला लागलास. मी विचारायची, मामा, छत पे चल के जाओगे क्या? तू म्हणायचास, हव, तुह्या मोर्च्याले नवा रायपुरात पायी जातो, तिकडं बस तं येत नाई. उलटा पडल्या पडल्या भिंतीवर ताल धरायचास. शेजारच्या काकूंनी महुआचं तेल सांगितलं, कोणी वात म्हणालं, कोणी गठिया. मनगटं जाड झाली, घोटे सुजले. वजन उतरलं. चालणं कमी, म्हणून भूक कमी, म्हणून वजन कमी, असा हिशेब आपणच लावला.

त्या दिवसांत आमचं धुळीवरचं पत्रक तयार होत होतं. धक्क्यावरच्या माणसाला समजतं का ते पाहायला मी ते तुला वाचून दाखवलं. खोकला राहतो का? नाही. थुंकीत रक्त? नाही. दम लागतो? तू म्हणालास, तुह्याशी बोलताना लागते. छाती दुखते? नाही. पत्रक तुझ्याजवळून सरळ निघून गेलं. त्यात हाडांचा शब्द नव्हता. बोटांचा नव्हता. फुप्फुसाचा आजार पायात बोलतो, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, आणि ज्यांना शिकवलं होतं ते गुडघा दाबत होते.

हाडांच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. मग इंजेक्शन झालं गुडघ्यात. थंडी सरत आली आणि मनगटं इतकी सुजली की तुला तालमीत बसता येईना. तेव्हा कुठे तू मोठ्या सरकारी दवाखान्यात यायला तयार झालास, तेही मला नाही, प्रल्हादकाकांना हो म्हणून. बाकावर आपण बसलो होतो. गर्दी होती. तू कंटाळलास आणि बाकाच्या कडेवर बोटांनी ठेका धरलास. दुखत होतं तरी. समोरून एक तरुण डॉक्टर फाइल घेऊन चालली होती. ती थांबली. मला वाटलं आवाज बंद करा म्हणते. ती तुझ्या शेजारी बाकावर बसली आणि तुझा हात हातात घेतला.

"अंकल, ये उंगलियां कब से ऐसी हैं?"

तू ताठ बसलास. "ढोलक की हैं, मैडम. पुरानी मेहनत है."

ती हसली नाही. तिनं तुझ्या दोन्ही हातांच्या तर्जन्या पालथ्या एकमेकींवर टेकवल्या, नखाला नख, आणि मधून उजेडाकडे पाहिलं. नखाचं मूळ दाबून पाहिलं. मग अगदी साधं विचारलं, "दूसरे ढोलक वालों की भी ऐसी हैं क्या?"

मी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे. दोघंही मनातल्या मनात एकेका ढोलकीवाल्याचे हात आठवत होतो. जयंतीला येणारे, दुर्गहून येणारे, कव्वालीच्या पार्टीतले. कोणाचीही बोटं अशी नव्हती. एवढी वर्षं एवढ्या माणसांनी तो हात पाहिला, वाखाणला, आणि हा एक प्रश्न कोणी विचारला नाही.

जुना एक्स-रे पिशवीत होता. तिनं तो खिडकीला धरला आणि गुडघा सोडून खाली बोट ठेवलं. नडगीच्या हाडाच्या कडेला आणखी एक बारीक रेघ होती, हाडाला समांतर, मेणबत्तीवरून मेण ओघळून गोठावं तशी. ती आम्हाला समजावत बसली. झाडाला साल असते तसा हाडालाही एक पातळ पापुद्रा असतो. आत कुठेतरी, बहुतेक वेळा फुप्फुसात, कधी काळजात, यकृतात, आतड्यात, मोठा आजार बसलेला असला की कधी कधी हा पापुद्रा सुजतो आणि नको असलेलं नवं हाड घालू लागतो. पाय ठणकतात, सांधे सुजतात, बोटांची टोकं फुगतात. असं नेमकं कशानं होतं ते पूर्ण कोणालाच कळलेलं नाही, असंही ती म्हणाली. मला ते आवडलं. मग तिनं छातीचा एक्स-रे लिहून दिला. तुला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी छातीचा एक्स-रे लिहून दिला होता.

छातीत डाव्या बाजूला गाठ होती. कापण्याच्या पलीकडे गेलेली.

आता मला लोक सांगतात की हा विरळा प्रकार आहे, हाडाच्या डॉक्टरला दोष देऊ नको. मी ऐकून घेते. विरळा असेल. पण लपलेला नव्हता. काळीज आत असतं, फुप्फुस आत असतं. बोटं बाहेर असतात. ती टेबलावर होती. ती रेघ त्याच फिल्ममध्ये होती, जी त्यांनी स्वतः उजेडाला धरली. गुडघ्याच्या डॉक्टरनं गुडघा पाहिला आणि उरलेला माणूस परत पाठवला. तेव्हा सापडलं असतं तर तू वाचला असतास का? मी त्या तरुण डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली, सांगता येत नाही, कदाचित ऑपरेशन झालं असतं, आणि ते झालं असतं तर पायांचं दुखणं तरी लवकर उतरलं असतं. कदाचित. या शब्दाला कोणाच्या दारावर नेऊन मोर्चा काढू, सांग.

संघटनेतल्या मित्रांना वाटतं की सिमेंटच्या धुळीनं तुला मारलं असं लिहावं. मी नाही लिहिणार. तू विड्याही ओढल्यास, मामीच्या नकळत आणि नंतर उघड. कशानं झालं मला सिद्ध करता येत नाही. जे सिद्ध करता येत नाही ते मी छापत नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिहिते.

आपलं भांडण मिटायचं राहून गेलं, मामा.

घरी आणल्यावर एका दुपारी तू झोपला होतास आणि हात चादरीवर होते. मी फोटो काढला. पत्रकासाठी. एवढा स्पष्ट हात मला दुसरा कुठे मिळणार होता. तुला जाग आली. मी खरं ते सांगितलं, की तुझा हात पाहून दुसऱ्या कोणाची तपासणी लवकर होईल. मला वाटलं तू हो म्हणशील. तू आयुष्यात मला नाही म्हटलं नव्हतंस.

"काढून टाक तो फोटो."

"मामा, नाम नहीं डालेंगे."

"नावाचं नाई. हे बोटं ढोलकीचे हायत. बिमारीचे म्हनून छापू नोको."

"डॉक्टर ने बोला ना, ढोलक से नहीं होता ऐसा."

"डॉक्टरनं बोटं पाह्यले," तू म्हणालास. "तिनं ढोलकी आयकली का?"

मी चिडले. बीमारी को मेहनत मत बोलो मामा, असं काहीतरी म्हणाले. तू भिंतीकडे तोंड केलंस. संध्याकाळी चहा मागितलास, मी दिला, साखर कमी झाली म्हणालास. त्यानंतर आपण गोळ्यांबद्दल बोललो, पाण्याबद्दल, उकाड्याबद्दल. या गोष्टीबद्दल कधीच नाही. दोघंही वाट पाहत होतो की दुसरा हा विषय काढेल.

मग जयंती आली. तू ऐकणार नव्हतास. खुर्चीत बसून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून, एकच गाणं वाजवेन म्हणालास. मी गर्दीत मागे उभी होते. मला फक्त बोटं दिसत होती, टोकं लाल झालेली. प्रत्येक थापेला तुला काय होत असेल ते मला ठाऊक होतं, बाकी कोणाला नव्हतं. आणि ठेका कुठेही डगमगला नाही. पुढे बायका नाचत होत्या. तेव्हा मला तुझं म्हणणं कळलं. बोटं आजारानं फुगवली, हे खरं. पण आजाराला ढोलकी येत नव्हती. ती तुला येत होती, बोटं बारीक होती तेव्हापासून. हे तुला सांगायला मी गर्दीतून पुढे आले तर लोक तुला पाणी देत होते, वारा घालत होते. मी म्हणाले, "चलो मामा, ऑटो आ गया." एवढंच म्हणाले.

मृग लागायच्या आधी तू गेलास. घरात मी आणि तू.

पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग एक वक्ते उठले आणि म्हणाले, ढोलकी वाजवून वाजवून ज्यांच्या बोटांचा आकार बदलला असे कलावंत शालिकभाऊ. लोकांनी मान डोलावली. माझ्या अंगातलं पत्रक उठून उभं राहिलं. पण तुझा फोटो समोर होता, हार घातलेला, आणि मला तुझं "काढून टाक" ऐकू आलं. मी बसून राहिले.

जेवणं झाल्यावर मी मागे हात धूत होते. प्रल्हादकाका आले. त्यांना मी आजाराबद्दल आणि फोटोवरच्या भांडणाबद्दल आधीच सांगितलं होतं. आता त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"पाह्य बरं पोरी, माहे कसे हायत?"

मी त्यांच्या तर्जन्या नखाला नख लावून टेकवल्या. मधे फट होती, बारीक शंकरपाळ्यासारखी. ठीक हैं काका, म्हणाले. त्यांनी हात खाली घेतले नाहीत. "मीच दाखवत फिरलो साऱ्याईले," ते म्हणाले. "हात धरून धरून." मी त्यांना सांगितलं की तुम्ही डॉक्टर नाही. ते म्हणाले, मित्र तं होतो. मग म्हणाले की तो फोटो छाप, शालिकचा राग मी पाहून घेईन वर गेल्यावर. आपण वर-बिर मानत नाही हे दोघांच्याही लक्षात आलं.

आता घरात मी एकटी आहे. भात अजून दोघांचा होतो. भिंतीवर तुझ्या टाचांचे दोन काळपट डाग आहेत. मी खाट तिथून हलवली, मग ती दुसरीकडे परकी दिसायला लागली, परत तिथेच आणली. तालमीच्या दिवशी विहारातून गाणं ऐकू येतं. मंडळानं अजून दुसरा ढोलकीवाला घेतलेला नाही, नुसत्या टाळ्यांवर गातात. मी दार लावून घेते आणि मग उघडते.

मित्र रोज विचारतात, फोटो देतेस ना? त्यांचं चूक नाही. पत्रकावर हात दिसला तर लोक थांबतील. मलाही ठाऊक आहे की एका फोटोनं होतं ते माझ्या दहा पानांनी होत नाही. फोन उघडते, हात दिसतो, चादरीवर पडलेला, झोपेतही तर्जनी जराशी उचललेली. तू नाही म्हणालास. मेलेल्या माणसाचं 'नाही' हेही 'नाही'च असतं. आमच्याच पत्रकात मी लिहिलं आहे, मजुराला विचारल्याशिवाय त्याचं शरीर वापरायचा हक्क कोणाला नाही. ते तुझ्यासाठी बदलता येणार नाही. तुझ्यासाठी तर नाहीच. भांडणात मी हरले, मामा. मराठीत सांगते आहे, नीट ऐक.

आता वाचणाऱ्यांना.

मामाचा फोटो मिळणार नाही, मागू नका. तुमच्या घरात हात आहेत. जो कोणी महिनोन्‌महिने पाय, घोटे, मनगटं दुखतात म्हणून गोळ्या खातो आहे, त्याचा हात आजच हातात घ्या. दोन्ही हातांची तीच बोटं पालथी, नखाला नख लावून उजेडाकडे धरा. मुळाशी फट दिसली पाहिजे. दिसली नाही, टोकं फुगलेली वाटली, तर शिवणाचं मशीन, पाना, कुदळ, ढोलकी अशी कारणं शोधत बसू नका. काहींची बोटं जन्मापासून तशी असतात; ते डॉक्टरांना ठरवू द्या, पाऱ्याला नाही. त्या माणसाला घेऊन जा, त्याचे हात टेबलावर ठेवा आणि डॉक्टरांना म्हणा, छाती तपासा. ते गुडघ्याकडे वळले तर पुन्हा म्हणा. आणि छाती तपासून होईपर्यंत त्या खुर्चीवरून उठू नका.